तुमचे प्रश्न : क्रुगर, भाड्याची गाडी आणि कॅमेरा

गेल्या अंकात मी ओझरतं लिहून गेले होते, की दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये भाड्याची साधी गाडी घेऊन, गाइडशिवाय, आपलं आपण फिरता येतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. मी प्रिटोरियात राहते. तिथून क्रुगरचं दार निम्म्या दिवसाच्या अंतरावर, त्यामुळे सुट्टी मिळाली की आमची गाडी तिकडेच वळते. व्हिसा, विमानाचं तिकीट आणि रँडचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव यांवरचे प्रश्न बाजूला ठेवलेत. ते ट्रॅव्हल एजंटला विचारा, त्याला त्याचेच पैसे मिळतात.

आम्ही दोघं निवृत्त. ताडोबा, पेंच, नागझिरा बरंच फिरलोय, पण तिथे शेजारी गाइड असतो. स्वतः गाडी चालवत गेलो तर काही दिसेल का, की झाडं बघून परत यायचं? — वि. जो., कोल्हापूर

दिसेल, आणि भरपूर दिसेल. मात्र ताडोब्याची एक सवय विमानतळावरच सोडून या. कुठून तरी कॉल, म्हणजे जनावरांची धोक्याची हाक, आला, की जिप्सी सुसाट, मागे धुरळा, आणि पोचल्यावर वीस गाड्यांच्या मागून वाघाची शेपटी. क्रुगर एकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. बफरसकट सगळा ताडोबा-अंधारी प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा, म्हणजे असे दहा-अकरा ताडोबे एका कुंपणात बसतील. एवढ्या जागेत पळापळ करून काही हाती लागत नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० ही वेगमर्यादा आहे, पण ती पोचण्यासाठी. बघायचं असेल तर वीस-पंचवीसच्या वर काटा जाऊ देऊ नका, आणि दर थोड्या वेळाने गाडी थांबवून इंजिन बंद करा. इंजिन बंद झाल्याशिवाय कान उघडत नाहीत, आणि जंगलात निम्मं काम कानांचं असतं.

तुम्हाला ताडोब्यात वानराचा खर्रखर्र आवाज आणि चितळाचा कॉल ओळखता येतो ना? मग अर्धी विद्या तुमच्याकडे आहेच, पात्रं तेवढी बदलतात. चितळाच्या जागी इथे इम्पाला. क्रुगरमध्ये इम्पाला इतके, की दुसऱ्या दिवशी लोक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथेच चुकतात. कळप चरतोय, शेपट्या हलतायत, पिल्लं बागडतायत, तर खुशाल पुढे जा. पण दहा-पंधरा इम्पाला मान ताठ करून एकाच दिशेला बघत उभे असतील आणि मधूनच नाकातून जोरात फुस्स करत असतील, तर गाडी तिथेच थांबवा. आणि इम्पालाकडे नाही, इम्पाला बघतोय तिकडे बघा. जिराफाचंही तसंच. एवढ्या उंचीवरून त्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसणार नाही, पण तो कुठे बघतोय हे तर दिसतं.

वानरांच्या जागी वर्व्हेट माकडं. ती तर बोलूनच सांगतात. सेफार्थ, चेनी आणि मार्लर या तिघा शास्त्रज्ञांनी केनियातल्या अंबोसेलीत या माकडांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांनाच पुन्हा ऐकवले होते. १९८० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्यासाठी वेगळा आवाज, गरुडासाठी वेगळा, सापासाठी वेगळा. बिबट्याचा आवाज ऐकला की माकडं झाडावर पळतात, गरुडाचा ऐकला की वर बघतात किंवा झुडपात शिरतात, आणि सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभं राहून गवतात डोकावतात. तुम्हाला आवाजातला फरक कळला नाही तरी बिघडत नाही, माकडं काय करतायत ते बघितलंत तरी पुरे.

गिधाडं आकाशात घिरट्या घालतायत यावरून फारसं काही ठरत नाही. पण ती झाडांवर माना खाली घालून बसलीयत आणि जमिनीवर उतरत नाहीयेत, तर समजा की खाली शिकार पडलेली आहे आणि तिचा मालक अजून तिथेच आहे. झुडपातून ऑक्सपेकरची चिरचिर आली तर आत म्हैस किंवा गेंडा असण्याची शक्यता धरा. हे पक्षी जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या खात फिरतात.

आता नजरेबद्दल. झुडपाकडे नाही, झुडपातून पलीकडे बघायचं. झाडं-गवत उभं असतं, जनावराची पाठ आडवी. आडवी रेघ दिसली की थांबा. अख्खा प्राणी कधीच आधी दिसत नाही, दिसतो तो कान, शिंगाचं टोक, किंवा फांदीखाली लोंबणारी शेपूट. आमच्या गाडीत सगळ्यात आधी दिसतं ते सासूबाईंना. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत, पण तांदूळ निवडावेत तशा त्या एकेक झुडूप निवडत जातात. आणखी एक युक्ती : आपल्याला डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असल्याने नजर त्या दिशेने घसरत जाते. मुद्दाम उजवीकडून डावीकडे बघत या, नजर अडखळते आणि अडखळली की सापडतं.

ऊन चढल्यावर उघड्या माळाकडे बघत बसू नका, सावल्या तपासा. सिंह दिवसातले अठरा-वीस तास लोळतो. पहाटे मात्र तोच डांबरी रस्त्यावर सापडतो, कारण गवत दवाने ओलं असतं आणि रस्ता कोरडा. म्हणून दार उघडायच्या वेळी रांगेत पुढे राहा. आणि दुर्बीण दोघांना दोन घ्या, ८×४२ची. एकाच दुर्बिणीवर झालेली भांडणं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलीयत.

वाहन परवान्याचं विचारलंत. रहदारी आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे. आपला परवाना इंग्रजीत असतो, तरी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. गाडी भाड्याने देणारे मागतात.

पाच दिवसांत ‘बिग फाइव्ह’ नक्की दिसतील ना? — एक वाचक, ठाणे

‘नक्की’ हा शब्द प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटावर शोभतो. हत्ती दिसतील, म्हशी बहुधा दिसतील, सिंहाची शक्यता चांगली. बिबट्या आणि गेंडा यांचं त्यांचं ते ठरवतात. आणि मुळात ही यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे ते पाच. त्यात चित्ता नाही, रानकुत्रे नाहीत, जिराफ नाही. रानकुत्र्यांची टोळी पहाटे रस्त्यावर खेळताना सापडली आणि यादीत नाही म्हणून कोणी पुढे गेलं, असं मी प्रत्यक्ष बघितलंय. त्यांच्या गाडीत कुठली भाषा चालू होती ते सांगत नाही.

माझ्याकडे कॅननचा साधा डीएसएलआर आणि ५५-२५० लेन्स आहे. दीड लाखाची १५०-६०० घेऊ का भाड्याने आणू? ट्रायपॉड नेऊ का? — अ. दे., डोंबिवली

ट्रायपॉड घरी ठेवा. गाडीतून उतरायचंच नाही, तर तो उभा कुठे करणार? विकत तर अजिबात घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर २५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ४०० इतकं जवळ दिसतं. रस्त्याकडेच्या हत्ती-जिराफ-झेब्र्यांना ते पुरून उरतं. पक्षी काढायचे असतील किंवा लांबचा बिबट्या हवा असेल तर १००-४०० किंवा १५०-६०० आठवड्यासाठी भाड्याने आणा, पण निघण्यापूर्वी चार-पाच दिवस हातात येईल असं बघा. सोसायटीतल्या कावळ्यांवर हात बसवून घ्या. कावळा काळा, चपळ आणि फुकट आहे.

लेन्सपेक्षा जास्त फरक पडतो तो बीनबॅगने. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापा, एक तोंड शिवून टाका, दुसऱ्याला चेन किंवा नाडी लावा. आत एक कापडी पिशवी. रिकामीच न्या, वजन नाही. धान्य भारतातून नेऊ नका, विमानतळावर कटकट होते. एम्बोम्बेला, म्हणजे पूर्वीचं नेलस्प्रुट, हे क्रुगरच्या दक्षिण दारांच्या अलीकडचं मोठं शहर. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात दोनेक किलो सुकी कडधान्यं घेऊन भरा. काच अर्धी खाली करा, तिच्या कडेवर ही पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि वरून हाताने हलकं दाबून धरा. ६००ची लेन्ससुद्धा स्थिर राहते. आमच्याकडे सहलीच्या शेवटच्या रात्री त्याच बीनबॅगची उसळ होते.

इंजिन बंद. हे मी पुन्हा सांगतेय, कारण फोटो हलण्याचं पहिलं कारण तेच असतं. चालू इंजिनची थरथर लेन्सपर्यंत पोचते. दुसरं, बॉनेटवरून समोरचा फोटो काढू नका. तापलेल्या बॉनेटवरची हवा लहरत असते, आणि फोटो बघताना वाटतं की फोकस चुकला. फोकस ठीक असतो, हवाच वाकडी असते. दहा-अकरानंतर जमिनीवरची हवाही तशीच होते. तेव्हा लांबचे फोटो सोडून द्या, जवळचे काढा किंवा कॅम्पवर येऊन जेवा. बंद काचेतून काढायचा प्रयत्नही नको, विशेषतः तिरपा.

जनावर उभं असेल तर शटर १/५०० पुरतो. चालत असेल तर १/१०००, पळत असेल तर १/२०००च्या खाली जाऊ नका. पहाटे उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ खुशाल १६००-३२०० होऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. लेन्स बदलायचीच असेल तर काचा वर, पंखा बंद. कच्च्या रस्त्याची धूळ सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक आकाशात ठिपके.

गाडीत कोण कुठे बसतं यावरही बरंच ठरतं. ज्याला फोटो काढायचेत त्याला मागे एकटं बसवा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या त्याच्या. गाडी चालवणाऱ्याने जनावराला नाही, प्रकाशाला बघून थांबायचं. सकाळी पश्चिमेकडे जाणारा रस्ता धरा, संध्याकाळी पूर्वेकडे, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. आणि सिंह रस्त्याने चालत असेल तर त्याच्या मागे मागे जाऊ नका. मागून येतो तो नुसता पार्श्वभाग. लांबून वळसा घेता आला तर पुढे जा, थांबा, आणि त्याला तुमच्याकडे येऊ द्या.

एसयूव्ही की छोटी गाडी, हेही तुम्ही विचारलंय. बघायला एसयूव्ही, कारण गवतावरून नजर जाते. फोटोला मात्र छोटी गाडी बरी, कारण तुम्ही जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर येता. हे मला तरसांनी शिकवलं. क्रुगरमध्ये ठिपकेवाले तरस डांबरी रस्त्याखालच्या पाण्याच्या मोऱ्यांमध्ये बिळं करतात. सूर्य उगवताना अशा मोरीजवळ आमची छोटी गाडी उभी होती. आधी आई बाहेर येऊन रस्त्याकडेला आडवी झाली. मग मोरीतून एकेक काळसर पिल्लू निघालं, कान अजून डोक्यापेक्षा मोठे वाटावेत असे. त्यातलं एक सरळ आमच्या दाराखाली आलं, टायर हुंगला, मग मागच्या मडगार्डचं रबर दातात धरून ओढायला लागलं. काचेच्या कडेवरून खाली बघत होते, आणि ४०० लेन्सने त्याचं नाकसुद्धा फोकसमध्ये येत नव्हतं. शेवटी फोनवर काढला. गाडी परत देताना रबरावरच्या दातांच्या खुणांबद्दल कोणी विचारलं नाही.

बिबट्या झाडावर अगदी समोर होता, दहा मिनिटं बसला, पण सगळ्या फोटोंत तो काळाकुट्ट आणि आकाश पांढरं. कॅमेरा बिघडलाय का? — स. कु., सांगली

कॅमेरा ठीक आहे, फक्त तो आकाशाचं ऐकतोय. फ्रेममध्ये लख्ख आकाश जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच अंधारतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण शोधा, त्यावर अधिक-वजाचं चिन्ह असतं, आणि +१ ते +२ करा. आकाश पांढरं होतंच आहे, होऊ दे, बिबट्याच्या अंगावरचे ठिपके दिसले पाहिजेत. म्हशीचा किंवा हत्तीचा क्लोज-अप काढताना उलटं : गडद अंगाने फ्रेम भरली की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, तिथे −०.७ करून बघा. आणि सगळं ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. जेपेगमध्ये गेलेलं परत येत नाही.

दुसरं म्हणजे, दहा मिनिटं बसला आणि तुम्ही निघालात, असं पत्रावरून दिसतं. झाडावर त्याच्यासोबत शिकार लटकवलेली होती का? असेल तर तो दिवस-दोन दिवस त्याच परिसरात राहतो. ती जागा नकाशावर लिहून ठेवायची, आणि कॅम्पचं दार बंद व्हायला तासभर असताना पुन्हा तिथे जायचं. ऊन तिरपं होतं, आकाशाचा पांढरेपणा जातो, आणि बिबट्या खाली उतरायच्या तयारीत फांदीवर उभा राहतो. तोच खरा फोटो.

मे महिन्याची सुट्टी की दिवाळीची? मुलगा पाच वर्षांचा आहे. मलेरिया, शू-शी आणि जेवण, तिन्हीची काळजी वाटते. — मृ. पा., नाशिक

मे. आपल्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असताना तिकडे थंडीची सुरुवात असते. पावसाळा संपून गवत वाळायला लागलेलं असतं, जनावरं पाण्याकडे यायला लागतात, मलेरियाचा धोकाही कमी झालेला असतो. संपत नाही, म्हणून गोळ्यांचं तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पहाटे चांगलीच थंडी असते, त्याला स्वेटर-कानटोपी घ्या. मेमध्ये दारं सहाला उघडतात आणि साडेपाचला बंद होतात. उशीर झाला तर दंड. दिवाळीत उकाडा असतो आणि पहिला पाऊस यायच्या बेतात असतो, पण नोव्हेंबरच्या मध्यापासून इम्पालांची पिल्लं येतात आणि पाहुणे पक्षी आलेले असतात. पक्ष्यांचं वेड असलेल्यांनी दिवाळी निवडावी. पाच वर्षांच्या मुलाला मे.

एक लक्षात ठेवा. पार्कच्या उघड्या ट्रकमधून जी रात्रीची किंवा पहाटेची सफारी असते, त्यात सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. अंधार पडल्यावर स्वतःची गाडी बाहेर काढता येत नाही. म्हणजे आळीपाळीने एकाने जायचं, एकाने मुलाजवळ थांबायचं.

शू-शी : कॅम्प आणि ठरवून दिलेली पिकनिकची ठिकाणं सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही. ‘फक्त झाडामागे पटकन’ हे इथे चालत नाही, झाडामागे आधीच कोणीतरी असू शकतं. झाकणाची बाटली ठेवा आणि निघताना नकाशावर स्वच्छतागृहांची ठिकाणं पेनाने गोल करून ठेवा. दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका. तेही मुलासाठी खूप होतात.

जेवणाची मात्र मजा आहे. काही पिकनिकच्या ठिकाणी ‘स्कॉटल’ भाड्याने मिळतं, म्हणजे गॅसच्या शेगडीवर बसवलेला मोठा पसरट तवा. गोरी कुटुंबं त्यावर अंडी आणि सॉसेज करतात. आम्ही पोहे करतो. पोहे, मोहरी, हळद जोहान्सबर्ग-प्रिटोरियातल्या भारतीय दुकानांत मिळतात, कांदा-बटाटा कॅम्पच्या दुकानात. फोडणीचा वास सुटला की शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायला येतातच. वर्व्हेट माकडंही येतात, पण ती विचारत नाहीत. पोहे झाकून ठेवा, आणि मुलाच्या हातात केळं देऊ नका.

कॅम्प निवडताना लोअर साबी बघा. गेटपासून जेमतेम काही मिनिटांवर सनसेट डॅम नावाचं तळं आहे, रस्त्याला लागूनच. पाणघोडे, मगरी आणि पक्षी गाडीत बसल्या बसल्या. मूल कंटाळलं की परत यायला वेळ लागत नाही. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता, एच ४-१, बिबट्यांसाठी नावाजलेला आहे आणि गाड्यांच्या गर्दीसाठीही. सिंह हवेत तर सातारा कॅम्प. हो, नाव खरंच सातारा आहे, तिथून पूर्वेला जाणारा एस १०० हा कच्चा रस्ता पहाटे धरा. मोठ्या कॅम्पांचं बुकिंग जवळजवळ वर्षभर आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखा लवकर जातात.

सगळं ठीक, पण हत्ती गाडीवर आला तर? माझ्या मिस्टरांनी व्हिडिओ बघून जायचंच रद्द करायला घेतलंय. — सौ. ग. मो., पुणे

मिस्टरांना सांगा, व्हिडिओतल्या बऱ्याच गाड्या हत्तीच्या वाटेत आडव्या उभ्या असतात. हत्ती गाडीवर येत नाही, गाडी हत्तीवर गेलेली असते.

कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा. पिल्लं दिसली तर आणखी लांब. आणि रस्ता मोकळा झाला असं वाटल्यावरही थोडं थांबा, कारण एखादी मावशी नेहमी मागे राहिलेली असते. तिच्या आणि कळपाच्या मधे गाडी घालणं हा सगळ्यात वाईट प्रकार. मागे गाड्यांची रांग असली तर पुढच्या गाडीला चिकटून उभं राहू नका. मागे सरकायला जागा हवीच. हॉर्न तर कधीच नाही. इंजिन बंद ठेवा हे मी वर सांगितलं, त्याला हत्ती हा अपवाद. जवळ असेल तर चालूच ठेवा.

हत्ती तुम्हाला आधी सांगतो. कान पसरतो, मान झटकतो, पायाने धूळ उडवतो, सोंड वर करून वास घेतो. यातलं काहीही दिसलं की हळूहळू मागे घ्या. तो चालत तुमच्या दिशेने येत असेल तर तुम्ही मागे, तो पुढे, असं किलोमीटरभरही जावं लागतं. रस्ता त्याचा आहे, आणि रिव्हर्स गिअरचा सराव होतो.

एकटा मोठा नर दिसला तर दुर्बिणीने त्याची कानशिलं बघा. डोळा आणि कान यांच्यामधून तेलकट ओघळ आलेला, मागचे पाय ओले, उग्र वास, म्हणजे तो मदात आहे. त्याचा फोटो लांबूनच काढा आणि वाट बदला. मिस्टरांना हे दाखवा. घाबरणारा माणूस स्टिअरिंगवर असलेला मला बेधडक माणसापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

क्रुगरऐवजी मसाई मारात स्वतः गाडी चालवली तर? — एक वाचक, नागपूर

करता येतं, पण पहिल्यांदाच जात असाल तर करू नका. रस्ते कच्चे, जमीन आपल्या विदर्भासारखी काळी, पाऊस झाला की गाडी बुडते, आणि फोर-बाय-फोरशिवाय गती नाही. शिवाय मारातल्या स्थानिक ड्रायव्हर-गाइडांना जे दिसतं ते पाहणं हाच तिथला आनंद आहे. तिथे त्यांना पैसे द्या आणि मागे बसा. स्वतःच्या हातात स्टिअरिंग हवं असेल तर क्रुगर. आणि ते आवडलं तर पुढच्या वेळी नामिबियातलं इतोशा. तिथे ओकाकुएजो कॅम्पला पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. कुंपणाच्या आत बाकावर बसायचं, अंगावर चादर घ्यायची, आणि काळे गेंडे पाण्यावर येतात का बघायचं. फक्त नामिबियातल्या खडीच्या रस्त्यांवर वेग आवरा. तिथे जनावरांपेक्षा टायर फुटून उलटलेल्या गाड्यांची भीती जास्त.

कुठे काय दिसलं ते लगेच कळवणारी ॲप्स आहेत म्हणे. कोणतं घ्यावं? — रो. शि., छत्रपती संभाजीनगर

कोणतंही घेतलंत तरी तुम्ही पोचेपर्यंत तिथे गाड्यांची भिंत असते, आणि सिंह गवतात गेलेला असतो. तीच ताडोब्याची जिप्सी, फक्त आता ती तुम्ही चालवताय. त्यापेक्षा कॅम्पमध्ये फलक असतो, त्यावर लोक दिवसभरात काय कुठे दिसलं ते खुणा लावून सांगतात. तो रात्री बघा. कालच्या खुणांवरून आज कुठल्या पाण्यावर बसायचं ते ठरवता येतं. एका पाणवठ्यावर सकाळचे दोन तास बसून जे दिसतं ते चार रस्ते फिरून दिसत नाही, यावर माझं घरातही भांडण होतं आणि मी माघार घेत नाही.

गेंड्याच्या बाबतीत मात्र ॲप, ग्रूप, इन्स्टाग्राम, काहीही नको. गेंडा दिसला तर जागा कोणाला कळवू नका, आणि फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करून ठेवा. फोटोसोबत जागेचे आकडे जातात, आणि ते वाचणारे शिकारीही आहेत. बऱ्याच गेंड्यांची शिंगं कापलेली दिसतील. ते पार्कनेच कापलेत, शिंगासाठी त्यांना कोणी मारू नये म्हणून. माझ्याकडे पत्र येतं की ‘ताई, फोटो चांगला आला, पण शिंग नाही’. तसाच ठेवा. एडिट करून शिंग चिकटवलेला एक फोटोही मला आलाय, तो मी छापणार नाही.

ड्रोन नेला तर चालेल? आणि सनरूफमधून उभं राहून फोटो? — य. भो., पनवेल

ड्रोनला बंदी आहे, गेटवरच सांगतात. सनरूफमधून किंवा खिडकीतून अंगाचा कुठलाही भाग बाहेर काढायचा नाही, कोपरसुद्धा नाही. तुमच्या पत्रासोबत आलेल्या यादीतली सेल्फी स्टिकही काढून टाका, आणि तेवढ्या जागेत दुसरी दुर्बीण बसवा.